तेहतिसावा दात

बुधवारी दंतवैद्याने ड्रायव्हरच्या तोंडातला तेहतिसावा दात उपटला आणि प्रकरण मिटलं. हे वाक्य आता विसरून जाऊ. काही झालेलंच नाही असं धरून चालू.

तर त्या सकाळी सात वाजता ड्रायव्हर बेसिनपाशी दात घासत होता. आठवड्यापूर्वी त्याच्या इंजिनासमोर एक माणूस रुळांत येऊन उभा राहिला होता. बावीस वर्षांच्या नोकरीतला सहावा. नियमाप्रमाणे तीन दिवस रजा मिळाली. समुपदेशक बाईंनी डोळे मिटून समुद्र बघायला सांगितला. शेडमधल्या जोडीदाराने पाठ थोपटली, "सहावा ना? सरासरीने आता तीन-चार वर्षं निवांत." इंजिनाचं तोंड पाइपने धुतलं गेलं. जाळीत अडकलेलं काय काय फिटरने चिमट्याने वेचून पिशवीत भरलं आणि मग तो डबा खायला बसला.

ब्रश शेवटच्या दाढेमागे अडला. ड्रायव्हरने जिभेने चाचपलं. तिथे काहीतरी गुळगुळीत होतं आणि त्याला चव होती. गंज, जळका ब्रेक, शिळं मांस.

"तुमची बत्तीशी नाही, तेहतिशी आहे," दंतवैद्य म्हणाला. "तंबाखू खाता?"

"कधीच नाही."

"हा खातो."

दात तपकिरी होता, एका बाजूने झिजलेला. उपटून झाल्यावर दंतवैद्याने हात दोनदा धुतले.

शुक्रवारी तिथे दोन उगवले. रविवारपर्यंत खालची अख्खी रांग तपकिरी झाली. ड्रायव्हरचे मूळचे दात जेवताना घासाबरोबर सुटून यायचे आणि तो ते मुकाट्याने गिळायचा. स्वतःचे दात स्वतःच्याच घशात घालणारा बहुधा तो पहिलाच. पण थुंकणार कसा? समोर नऊ वर्षांची मुलगी बसलेली असायची. शाळेत जाण्याआधी ती रोज त्याच्या ताटातला शेवटचा घास खायची. एवढं एक सुख नोकरीने त्याच्याकडे शिल्लक ठेवलं होतं.

सोमवारी तिने ताट दूर सरकवलं. "बाबा, तुमच्या तोंडाला घाण वास येतो. दुसऱ्याच कुणाच्या तोंडासारखा."

"अहो, हे असंच चालणार असेल तर मी तिला घेऊन दादाकडे जाते," बायको म्हणाली. तिने नाक दाबलेलं होतं, त्यामुळे धमकीसुद्धा सर्दी झाल्यासारखी वाटली.

मंगळवारी आरशासमोर त्याने तोंड घट्ट मिटलं.

ओठ आपोआप फाकले.

ते हसणं त्याच्या ओळखीचं होतं. चाळीस मीटरवरून पाहिलेलं. रुळांतला माणूस थेट त्याच्याकडे बघून तपकिरी दात काढत होता. चौकशीत ड्रायव्हरने 'चेहरा दिसला नाही' असं लिहून दिलं होतं. सगळे ड्रायव्हर तेच लिहितात, नाहीतर ओळख पटवायला शवागारात खेटे घालावे लागतात. मृतदेह बेवारस पडून होता. चेहरा उरलाच नव्हता.

दाराबाहेरून मुलीने विचारलं, "बाबा, आत तुमच्याबरोबर कोण हसतंय?"

त्याला तोंड उघडायची भीती वाटली. त्याने कागद घेतला.

'प्रति, शवागार अधीक्षक. विषय: जबाबात दुरुस्ती. चेहरा दिसला होता. तो सध्या माझ्याकडे आहे. तरी मृताच्या नातेवाइकांचा शोध घेऊन त्यांना सकाळी, मुलगी उठण्यापूर्वी, माझ्या घरी पाठवून तो ताब्यात घेण्याची व्यवस्था व्हावी. नाकाच्या वरचा भाग मुलगी अद्याप ओळखत असल्याने तेवढा मागे सोडावा, ही नम्र विनंती.'