सोडा म्हणायचं राहिलं

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. ती माझ्या उजव्या हातासोबत घडली आहे, आणि तोच हात आत्ता हे टाइप करतोय. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणे. माझ्याकडे रात्र नाही. गुरुवार होता, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. सातव्या मजल्यावरची खोली, पांढरे दिवे, एसीची घरघर आणि शेजारच्या टेबलावर बिस्किटं खात बसलेला माझा सहकारी डॉक्टर.

मी सोनोग्राफी करते. पण माझा पेशंट माझ्यासमोर नसतो. तो दोनशे किलोमीटरवरच्या एका छोट्या दवाखान्यात असतो. तिथे बेडशेजारी एक यांत्रिक हात आहे, त्याच्या टोकाला प्रोब, म्हणजे पोटावर टेकवून फिरवायचा तो दांडा. माझ्या टेबलावर तशीच एक मूठ. मी मूठ फिरवली की तिकडे तो हात फिरतो. आणि तिकडचं पोट मऊ आहे की टणक, हे मुठीतून माझ्या तळहाताला कळतं. आपण दाबलं की तीही उलट दाबते.

तिथल्या सिस्टर त्या यंत्राला जावईबापू म्हणतात. "गारवा लागतो, रोज पुसून काढावं लागतं, आणि जरा मनाविरुद्ध झालं की रुसून बसतात."

खरं सांगते, ही नोकरी मी किळसेपोटी धरली. मला माणसं आवडतात, माणसांची अंगं नाही. घामाने चिकटलेले केस, बेंबीतला मळ, पोटावर पसरलेली कोमट जेली... दहा वर्षं मी मनातल्या मनात ओकत काम केलं. जावईबापू आले आणि मी सुटले. तरी मूठ धरताना ग्लोव्ह घालायचेच. शेजारचा हसायचा.

"अगं, दोनशे किलोमीटरवरून काय लागण होणार आहे तुला?"

त्या गुरुवारच्या दहा दिवस आधी एक आजी आल्या होत्या. ताप, आणि उजव्या बरगडीखाली दुखणं. सोबत आजोबा. आजींच्या चपला हातात घेऊन कोपऱ्यात उभे होते.

यकृताचा वरचा भाग बरगड्यांच्या आड असतो. पेशंटने श्वास भरून रोखला की तो खाली सरकतो. मग प्रोब फटीत टेकवून बघायचं. श्वास घ्या, रोखा, सोडा. दिवसातून शंभरदा तरी म्हणते मी हे.

"आजी, मोठा श्वास घ्या. आता रोखून धरा. मी सोडा म्हणेपर्यंत सोडायचा नाही हं."

त्यांनी मान हलवली. छाती फुगवली.

सिस्टरने जागा दाखवायला छातीखालची घडी उचलली. खाली कातडी सोललेली होती. लाल, मधेच पांढरट, चिकट पाणी सुटलेलं. उन्हाळ्यात कितीतरी बायकांना होतं. पण प्रोब नेमका तिथेच टेकवायचा होता... आणि तो चिकटपणा मला मुठीतून कळणार होता.

माझ्या घशाशी आंबट आलं.

मी माइक बंद केला. शेजारच्याला म्हटलं, "ई, बघ रे हे! मी नाही बाई टेकवणार तिथे."

तो वाकून बघायला आला. आम्ही हसलो.

मी मूठ बाजूला घेतली. तोवर निघालेल्या फोटोंवरूनच रिपोर्ट लिहिला. यकृत नॉर्मल. माइक पुन्हा चालू केला तो सिस्टरला "झालं, पुढचा पेशंट घ्या" म्हणायला.

सोडा म्हणायचं राहिलं.

चार दिवसांनी सिस्टरचा फोन आला. आजी गेल्या.

"मॅडम, शेवटी तापाच्या भ्रमात होत्या. सारख्या छाती फुगवून पडायच्या. मी म्हटलं, आजी, सोडा की श्वास... तर म्हणाल्या, मॅडमनी अजून सांगितलं नाही."

मी "अरेरे" म्हणाले आणि फोन ठेवला. कुणाला काही बोलले नाही.

मग तो गुरुवार.

तीन पेशंट झाले होते. चौथा यायचा होता. कॅमेऱ्यात बेड रिकामा दिसत होता, वर नवी चादर. जावईबापूंना जागेवर बसवावं म्हणून मी मूठ सरकवली.

मूठ अडली.

हलकेच दाबून बघितलं... मऊ लागलं.

मी सोडलं, तर तिने मला उलट दाबलं.

कॅमेऱ्यात प्रोब हवेत होता. चादरीपासून वीतभर वर.

"सिस्टर, बेडवर कोण आहे?"

"कोणी नाही मॅडम. आत्ताच चादर बदललीय."

प्रोब हवेत असला की स्क्रीन काळा असतो. तो काळा नव्हता. करडं काहीतरी उमटत होतं...

यकृत.

जिवंत माणसाचं यकृत श्वासाबरोबर वरखाली होतं. हे हलत नव्हतं. मी घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट. दोन मिनिटं. चार...

कुणीतरी श्वास रोखून धरला होता.

मग मूठ आपणहून चालायला लागली. माझा हात तिच्यावर, पण नेत होती ती. बरगडी लागली. मग दुसरी. मग त्यांच्यामधली ती घडी... कोमट, सोललेली, चिकट. तळहाताखाली कातडी सरकली. ग्लोव्हच्या आत ओल आली. माझ्या बोटांच्या बेचक्यांत ते पाणी उतरत होतं आणि मला हात काढता येत नव्हता.

आणि स्क्रीनवर तो वरचा भाग आला. मी न बघितलेला. त्यात एक मोठी काळपट पोकळी, आत संथ फिरणारे ठिपके.

पू. लिंबाएवढा नाही, मोसंबीएवढा. त्या दिवशी पाच सेकंद प्रोब टेकवला असता तर दिसला असता. सुईने काढता आला असता.

"कसला घाण वास येतोय गं?" शेजारच्याने बिस्किट खाली ठेवलं.

म्हणजे तो वास मला एकटीलाच आला नव्हता.

मी माइक चालू केला.

"सोडा... आजी, सोडा."

हेडफोनमध्ये श्वास सुटला. लांबलचक. संपेचना. तळहातावर त्याची ओलसर वाफ लागली. मग मूठ सैल पडली आणि स्क्रीन काळा झाला.

मी कचऱ्याच्या डब्यात ओकले. ग्लोव्ह उलटा करून काढला, तर आत पिवळट काहीतरी होतं.

एवढ्यात सिस्टरचा आवाज आला. "मॅडम, आजोबा आलेत. रिपोर्टचा कागद हवाय त्यांना. तुमच्याशी एक शब्द बोलायचं म्हणतात."

ते कॅमेऱ्यापुढे आले. दाढी वाढलेली. या वेळी हातात चपला नव्हत्या.

"डॉक्टरीणबाई, एकच विचारतो. ती दुखतंय दुखतंय म्हणायची. मी म्हणायचो, मॅडमनी बघितलंय, काही नाहीये, उगाच कण्हू नकोस. एकदा तर ओरडलो तिच्यावर... खरंच काही नव्हतं ना तिला?"

शेजारचा माझ्याकडे बघत होता. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. चूक माझी होती, आजोबा. आजी खरं सांगत होत्या.

नोकरी डोळ्यांपुढे आली. नाव, डिग्री, सगळं.

"नाही आजोबा," मी म्हणाले. "काही नव्हतं."

त्यांनी मान हलवली. सिस्टर त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. तिकडच्या खोलीत कुणीच उरलं नाही.

हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास आत घेतला. छाती भरून...

आणि रोखून धरला.

याला आठ महिने झाले. ती नोकरी मी सोडली. हात गरम पाण्याने, साबणाने, स्पिरिटने धुतले. अजूनही जेवताना घास तोंडाशी नेला की तो वास येतो. पूर्वी मला दुसऱ्यांच्या अंगाची किळस यायची. आता ती सगळी याच हातावर येऊन बसली आहे.

आजोबांचा नंबर रिपोर्टवर होता, तो मी उतरवून घेतला. दोनदा लावलासुद्धा. ते "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणतात. मी काहीच बोलत नाही. आणि पलीकडे, त्यांच्या आवाजाच्या मागे, कुणीतरी श्वास रोखून माझ्या बोलण्याची वाट बघत असतं.