डावा कान उघडा होता

खर्रर्र...

लाकडी खुर्ची फरशीवरून ओढली की होतो तसा आवाज. अगदी थोडा. मग पुन्हा शांत.

ताईनं हातातलं पेन खाली ठेवलं.

घरात खुर्ची ओढायला कुणी नव्हतंच.

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावी, मी वाद घालणार नाही. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात, भर दुपारी, लख्ख उजेडात हे घडलंय. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं म्हणणाऱ्यांच्या घरात लहान मूल नसावं. मूल असलेल्या घरात सगळ्यात शांत वेळ दुपारची. मूल झोपलेलं, भांडी घासून पालथी, पंखा तेवढा फिरतोय... आणि आईचा एक कान जागा.

मंगळवार होता. तिसऱ्या मजल्यावरचं घर.

भाऊजींचं हेडफोन-इयरफोनचं छोटं दुकान आहे. महागातला माल नाही. गिऱ्हाईक बहुतेक कॉलेजची पोरं. खिसा चिमणीएवढा आणि अपेक्षा आभाळाएवढ्या. गेमसाठी हवा, गाण्यांसाठीही हवा, माइक हवा, कान दुखायला नकोत, आणि वर स्वस्त हवा. भाऊजींना स्वतःला सगळे सारखेच वाजतात. "मला विचारशील तर मी फक्त रंगातला फरक सांगेन," असं ते गिऱ्हाइकालाच सांगून टाकतात.

कान ताईचे. लहानपणी शेजारच्यांचं दूध उतू चाललेलं शेजारणीच्या आधी हिला कळायचं. म्हणून नवा माल आधी घरी येतो. टिकली झोपली, की ताई एकेक डोक्यावर चढवून ऐकते आणि खोक्यावर चिठ्ठी चिकटवते. पोरं त्या चिठ्ठ्या वाचायलाच दुकानात येतात.

'गाणी गोड. गेमला नको. मागचा शत्रू पुढे ऐकू येतो, फुकट मराल.'

'नुसता ढबढबाट. गाणारा पोत्यात कोंडल्यासारखा.'

'स्वस्त आहे आणि तसाच वाजतो. प्रवासात हरवायला उत्तम.'

टिकली म्हणजे तिची लेक. साडेतीन वर्षांची, नावासारखीच एवढीशी.

तपासायची ताईची पद्धत ठरलेली. एक जुनं रेकॉर्डिंग आहे, टिकलीचा पत्ताही नव्हता तेव्हाचं. हॉलमध्ये खुर्चीवर डोक्याच्या जागी उशी ठेवली, उशीच्या दोन्ही अंगांना एकेक माइक बांधला, आणि भाऊजी भोवती फिरले. समोर किल्ल्या वाजवल्या. उजवीकडून चालत मागे गेले. मागे एक टाळी. डावीकडे पेल्यात चमचा. आणि शेवटी बराच वेळ काहीच नाही... नुसती घराची शांतता. ती मुद्दाम. हलके हेडफोन शांततेतच उघडे पडतात, सूं करत राहतात.

ताईला ते पाठ होतं. चमच्यानंतर त्यात काही नाही, हे ती झोपेतही सांगेल.

आणि त्या मंगळवारी चमच्यानंतर कुणीतरी खुर्ची ओढली.

उजवीकडून. मागून. म्हणजे स्वयंपाकघराच्या बाजूनं.

तिनं हेडफोन काढला.

शांतता.

उठून बघितलं. टिकली अंगठा तोंडात घालून गाढ. स्वयंपाकघरात हातांची जड खुर्ची जिथल्या तिथे. पलीकडे गॅलरीचं दार बंद. वरची कडी लावलेली. टिकली चालायला लागली तेव्हा ताईनंच ती कडी वर बसवून घेतली होती. तिला स्वतःलाही ती काढायला टाचा उंच कराव्या लागतात.

तिनं दुसरा हेडफोन लावून तेच रेकॉर्डिंग ऐकलं. किल्ल्या, पावलं, टाळी, चमचा. शांतता.

पुन्हा पहिला लावला.

चमचा...

खर्रर्र...

आणि आता खुर्ची थांबल्यावर पावलं. अनवाणी. लहान.

थप... थप... थप...

तिनं पुन्हा लावलं. आता पावलांनंतर कडी. लोखंडावर लोखंड सरकलं.

पुन्हा लावायचं नाही असं तिनं ठरवलं. आणि पुन्हा लावलं. आपण लावलं नसतं का?

या वेळी तिला कळलं, की पावलं एकाची नाहीत. एक पाऊल हलकं. दुसरं त्याहून हलकं. कडी सरकली. आणि कुणीतरी खुदकन हसलं...

मग काहीच नाही.

पण ती शांतता घरातली नव्हती. उघड्यावरची होती. फार मोठी.

संध्याकाळी भाऊजी आले. ताईनं सगळं सांगितलं. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटून गवयासारखी मान हलवत ऐकला.

"माझ्याच किल्ल्या. काय सुरेल वाजवल्यात."

"थट्टा नको. चमच्यानंतर ऐका."

त्यांनी ऐकलं. "काही नाही गं. पंखा ऐकलास तू."

"पंखा अनवाणी चालतो का?"

"बाईसाहेब, मागची पावलं ऐकू येणारा हेडफोन पोरांना सोन्याच्या भावानं हवा असतो. तेच लिही चिठ्ठीवर. हातोहात जाईल."

मग खोकं हातात घेतल्यावर त्यांना आठवलं. हा नवा मालच नव्हे. परत आलेला. एक बाई काउंटरवर ठेवून गेली होती, चुकून यात मिसळला. दोष काय आहे, असं भाऊजींनी विचारलं होतं. बाई म्हणाली, "दोष काही नाही. फार ऐकू येतं." बदली काही घेतलं नाही, पैसेही मागितले नाहीत. भाऊजी हाक मारेपर्यंत रस्ता ओलांडूनही गेली.

"कशी होती?" ताईनं विचारलं.

"कशी म्हणजे... बाईसारखी. दमलेली. तुम्ही सगळ्या आया दिसता तशी."

बुधवारी दुपारी टिकली झोपली. ताईनं स्वयंपाकघरात जाऊन कडी बघितली, हात लावून बघितली. मग टेबलाशी बसली. माल संध्याकाळी दुकानात जायचा होता, आणि त्या एका खोक्याला अजून चिठ्ठी नव्हती. कंपनीला परत करावा तर कारण काय लिहायचं? विकावा तर कुणाच्या लेकराला?

तिनं रेकॉर्डिंग लावलं.

किल्ल्या. पावलं. टाळी. चमचा.

शांतता...

शांतता...

संपलं. काही नाही.

ताईला हसूच आलं. रात्रीची झोप नाही, दिवसाची नाही, कान तरी काय करतील बिचारे. तिनं एक गाणं लावलं आणि हेडफोनचा डावा कप कानामागे सरकवला. ही तिची सवय. टिकलीची खोली टेबलाच्या डावीकडे. गाणी ती नेहमी उजव्या कानानंच ऐकते, डावा कान लेकीचा. आम्ही तिला चिडवायचो, की तुझा संसार मोनो आहे.

तिनं पेन उचललं. 'आवाज स्वच्छ,' लिहिलं.

खर्रर्र...

उजव्या कानात. गाण्याच्या मागे.

आलंच म्हणायचं. ती हलली नाही. आज शेवटपर्यंत ऐकायचं, असं तिनं मनाशी घट्ट केलं. डाव्या कानाला तर काहीच ऐकू येत नव्हतं. खोलीत सगळं शांत. मग घाबरायचं कशाला? जे आहे ते या डबड्यात आहे.

थप... थप... थप...

दोघांची पावलं.

कडी.

तिनं श्वास धरला. आता हसू येईल. आलं... खुदकन.

आणि तिच्या मानेवरचे केस हलले.

टेबलावरची चिठ्ठी उडाली आणि खाली पडली.

वारा.

हेडफोनमधून वाट्टेल ते येईल. वारा येत नाही.

ताई उठली तेव्हा वायरला हिसका बसून सगळं टेबल तिच्यामागे आलं. ती सांगते, हॉलपासून गॅलरीपर्यंतचं तिला काही आठवत नाही. दार सताड उघडं होतं, एवढंच आठवतं. स्वयंपाकघरातली जड खुर्ची कठड्याला लावलेली होती. खुर्चीवर टिकली. एक पाय कठड्याच्या पलीकडे. एका हातानं कठडा धरलेला.

दुसरा हात पुढे, हवेत. मूठ अर्धवट मिटलेली. मोठ्या माणसाचं बोट धरावं ना, तशी... पण वर नाही. समोर. तिच्याच उंचीच्या कुणाचा तरी हात धरल्यासारखी.

ताईनं तिला कंबरेत धरून मागे ओढलं. हवेतली ती मूठ पटकन सुटली नाही. क्षणभर ताण लागला, पलीकडून.

मग सुटली.

दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर कितीतरी वेळ तशाच बसून होत्या. टिकली रडली नाही. ताईच रडत होती, आवाज न करता, लेकीच्या केसांत तोंड खुपसून. त्या केसांना झोपेचा वास येत होता, ती म्हणाली. अजून उबदार.

संध्याकाळी भाऊजींनी खुर्ची आत आणली. दोन हातांनी, गुडघा लावून. मग टाचा उंच करून कडी लावली, काढली, पुन्हा लावली. थट्टा केली नाही. दुसऱ्या दिवशी गॅलरीला जाळी बसली.

त्या बाईला त्यांनी आसपास विचारून पाहिलं. कुणाला आठवत नाही.

हेडफोन अजून त्यांच्याच घरी आहे, कपाटाच्या वर, खोक्यात. विकता येत नाही. फेकला तर कुणीतरी उचलेल, आणि त्याच्याही घरात लेकरू असेल. ताई आता घरी माल तपासत नाही, दुकानात जाऊन तपासते. दोन्ही कान उघडे ठेवते, कप तळहातावर धरून ऐकते. चिठ्ठ्या पूर्वीसारख्या जमत नाहीत, पोरं कुरकुरतात.

डावा कान उघडा होता गं माझा, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणते. टिकली त्याच बाजूनं उठली, माझ्या पाठीमागून गेली. मला काहीच कसं ऐकू आलं नाही?

मीही आता दुपारी कानात काही घालत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ताई टिकलीची वेणी घालत होती. टिकली स्वतःशीच गुणगुणत, बोटांशी खेळत बसली होती. मधेच थांबली.

"आई, मी पडणार होते ना?"

ताईचे हात थांबले. "हो राणी. पण मी धरलं ना तुला."

"हो. घट्ट."

"घट्टच धरणार. कायम."

मान वळवून आईकडे बघत टिकलीनं अगदी साधेपणानं विचारलं,

"मग तिला का नाही धरलंस?"