मसुराएवढ्या चेहऱ्यासाठी

एका चिमुकल्या कोळ्याच्या चेहऱ्याचा फोटो काढायला त्या दोघी नणंद-भावजय दोन दिवस जंगलात चालत होत्या. कॉलेजात शिकवणाऱ्या वन्सं चार वर्षं या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या मागे लागल्या होत्या. जाणकारांनी त्यांचे फोटो तीनदा परत पाठवले होते: पाठ दिसते, डोळे दिसत नाहीत, डोळे दिसल्याशिवाय ही नवी जात म्हणता येत नाही. उद्यापासून पावसाळ्यासाठी जंगल बंद होणार होतं. वहिनी शिवणकाम करणाऱ्या. "कॅमेऱ्याला डोळा लावला की तिला खड्डा दिसत नाही, तू बरोबर जा," असं नवऱ्याने सांगितलं म्हणून त्या आल्या होत्या.

सकाळी कमरेएवढा ओढा पार केला. पुढे वाट खचलेली, म्हणून झाडांची मुळं धरून चढल्या. आणि कोळी सापडला तो नेमका दरीच्या काठावरच्या झुडपावर, मसुराच्या दाण्याएवढा, पिवळा!

इतक्या जवळच्या फोटोत भिंग फिरवत बसत नाहीत. आपणच केसभर पुढे झुकायचं, की चित्र स्पष्ट होतं. वन्सं झुकल्या. अजून केसभर. अजून...

माती सुटली! वन्सं घसरल्या! वहिनींनी झडप घालून त्यांच्या कमरेचा पट्टा धरला, टाच दगडाला रोवली आणि सगळा जीव एकवटून ओढलं. वन्सं वर आल्या, कॅमेरा गळ्यात शाबूत. उजवं मनगट मात्र सुजायला लागलं होतं. कोळी जागचा हलला नव्हता.

"जाऊ दे, वहिनी," वन्सं रडवेल्या झाल्या. "हात थरथरतोय माझा."

"द्या इकडे."

"तुला जमेल?"

"तीस वर्षं सुईत दोरा ओवतेय. आणि उभ्याने कशाला मरायचं? मी पालथी पडते, तुम्ही पाय धरून बसा."

वहिनी पोटावर सरपटत पुढे गेल्या. श्वास रोखला. पिवळा ठिपका आधी नुसता धूसर, मग केसाळ, आणि एकाएकी तो वळून थेट त्यांच्याकडेच बघायला लागला. त्यांनी बटण दाबलं. कोळ्याने उडी मारली आणि तो दरीत दिसेनासा झाला.

वन्संनी डाव्या हाताने फोटो मोठा केला आणि डोळे मोजले. पुन्हा मोजले. मग हलकेच म्हणाल्या, "वहिनी, याचा चेहरा आजवर कुणीच पाहिलेला नाही. फक्त आपण दोघींनी."

वहिनी उठून बसल्या. त्यांना फार फार आनंद झाला होता. "बघू," म्हणत त्यांनी कॅमेरा मागून घेतला आणि कितीतरी वेळ परत दिलाच नाही.