बेचाळीस सेकंदांच्या पुढे

लोकांच्या घरी होम थिएटर बसवून देणाऱ्या त्या माणसाला सगळे मोजपट्टी म्हणत, अगदी त्याची बायकोसुद्धा. नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. कुणाच्या घरी सोफा भिंतीला टेकलेला दिसला की याचा जीव वरखाली व्हायचा. मागे तीन फूट जागा सोडल्याशिवाय आवाज नीट ऐकू येत नाही, असं तो गिऱ्हाइकांना बजावायचा, आणि स्वतःच्या हॉलमध्येही त्याने तेच केलं होतं. समोर टीव्ही, मधोमध सोफा आणि सोफ्याच्या पाठीमागे तीन फूट उघडी फरशी. त्या फरशीला लागूनच आतल्या खोल्यांचा पॅसेज सुरू व्हायचा. पाहुणे विचारायचे, हे घर आहे की थेटर? बायको म्हणायची, थेटरच, पण मध्यंतर होत नाही.

एका मासिकासाठी तो उपकरणांच्या तुलना लिहीत असे. या वेळचा विषय होता महागड्या व्हिडिओ केबल. टीव्ही आणि प्लेअर यांना जोडणारी ही वायर साधी घ्यावी की सोन्याचा मुलामा दिलेली, यावर लोक भाऊबंदकी असल्यासारखे भांडतात. मोजपट्टीचं मत ठरलेलं होतं. वायरीतून अंक जातात. पोचले तर चित्र दिसतं, नाही पोचले तर नाही. मुलाम्याने अंक गोरे होत नाहीत. पण मत आहे म्हणून चाचणीत हयगय करायची, हे त्याच्या रक्तात नव्हतं.

चाचणीची त्याची रीत अशी. पाच केबलींना एक ते पाच आकडे चिकटवायचे. तो सोफ्यावर निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन डोळे मिटून बसणार, आणि बायको मनाला येईल त्या क्रमाने एकेक केबल लावणार. कुठली लावली हे ती कागदावर लिहून ठेवणार आणि लगेच टीव्हीच्या मागच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन शब्दकोडं सोडवणार, म्हणजे तिचा चेहरा त्याला दिसायला नको. चाचणी संपेपर्यंत केबलीबद्दल कुणी एक अक्षर बोलायचं नाही. आवाज बंद, फक्त चित्र.

आणि चित्र नेहमी एकच. लेकीचं.

त्यांची लेक बिट्टी आता अकरा वर्षांची होती. चित्रफितीत ती चार वर्षांची होती. याच हॉलमध्ये, आता जिथे सोफा आहे बरोबर तिथे, फरशीवर बसून लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होती. कॅमेरा टीव्हीच्या कपाटावर ठेवलेला होता. तिच्या मागे पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला तिच्या खोलीचं बंद दार. एकोणिसाव्या सेकंदाला वरचा पिवळा ठोकळा पडतो, ती खुदकन हसते, पुन्हा रचू लागते. बेचाळिसाव्या सेकंदाला चित्र संपतं, कारण तेव्हा फोन वाजला होता आणि मोजपट्टी कॅमेरा बंद करून बोलायला बाल्कनीत गेला होता.

दहा मिनिटांनी तो परत आला तेव्हा ठोकळे चहूकडे विखुरलेले होते आणि बिट्टी जेवणाच्या टेबलाखाली अंग चोरून रडत होती. "वहीवाला आला," एवढंच म्हणत होती. कुठे आला विचारलं तर बंद टीव्हीकडे बोट दाखवायची. त्याने हात केला, म्हणायची. पुढे वर्षभर ती हॉलमध्ये एकटी बसली नाही. लहान मुलांचं काय, उंदराचा हत्ती करतात, असं म्हणून दोघांनी सोडून दिलं.

तिच्या खोलीचं दार मात्र तेव्हापासून मिटलेलं राहत नसे. लावलं की घटकाभरात आपलं आपण उघडायचं. सुताराने बिजागऱ्या बदलल्या, चौकट वाकली आहे म्हणाला, चहा पिऊन गेला. एकदा तर ती आत असताना आतली कडी लागली. कडी इतकी उंच, की तिचा हात पोचणंच शक्य नव्हतं. ती आतून रडत होती, हा बाहेरून दार धडकत होता. शेवटी दार मोडून तिला काढलं. नवीन दार बसवताना त्याने कडी लावलीच नाही. ती हत्यारांच्या पेटीत टाकून दिली, कारण मोजपट्टी काहीच फेकत नसे. नवीन दारही आपोआप उघडतच राहिलं आणि घराला त्याची सवय झाली.

रविवारची दुपार होती. बिट्टी पोहायला गेली होती. पडदे ओढून दोघं कामाला लागले.

पहिली केबल, दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी तोच ठोकळा, तेच हसू. मोजपट्टीने वहीत चार वेळा 'फरक नाही' लिहिलं. त्याला बरं वाटलं. स्वतःचं म्हणणं खरं ठरलेलं कुणाला आवडत नाही?

"शेवटची," बायको कोपऱ्यातून म्हणाली. स्टूल सरकल्याचा आवाज आला. त्याने डोळे उघडले.

चित्र यायला थोडा उशीर लागला. आलं तेव्हा पहिल्यासारखंच होतं. ठोकळा पडला, बिट्टी हसली. त्याने पाचव्यांदा 'फरक नाही' लिहायला पेन टेकवलं आणि सवयीने प्लेअरच्या आकड्यांकडे पाहिलं.

आकडे बेचाळीसवर थांबले होते. चित्र चालूच होतं.

चार वर्षांच्या बिट्टीने आणखी एक ठोकळा ठेवला. हा ठोकळा मोजपट्टीने कधी पाहिला नव्हता. ही चित्रफीत त्याने हजार वेळा तरी पाहिली असेल, त्यात हिरवा ठोकळा नव्हताच. त्याने मनाशी हिशेब मांडला. कॅमेरा आपणच बंद केला होता. जे टिपलंच नाही ते कुठून येणार?

मग बिट्टीने मान वर करून समोर पाहिलं.

कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्याकडे. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर होती, तिथून ती हातातल्या निळ्या वहीवर आली आणि पुन्हा चेहऱ्यावर गेली. अनोळखी माणसाकडे लहान मूल पाहतं तशी ती पाहत होती. आपली लेक आपल्याला ओळखत नव्हती.

तिला धीर यावा म्हणून त्याने हात हलवला.

हात हवेत असतानाच त्याला कळलं. वहीवाला. त्याने हात केला. सात वर्षांपूर्वी पोरीला ज्याने घाबरवलं तो आपणच, इथे, आज बसलेलो आहोत.

पण बिट्टी घाबरलेली दिसत नव्हती. त्याच्या हाताकडे पाहून ती थोडी हसलीसुद्धा.

मग तिची नजर हळूहळू वर सरकली. त्याच्या कपाळाच्या वर. डोक्याच्या वर. तिथे ती थांबली आणि तिच्या तोंडावरचं हसू गेलं.

सोफ्याची पाठ त्याच्या मानेशी दबली. कुणी मागे उभं राहून दोन्ही हात टेकावेत, तशी.

मोजपट्टीला वळायचं होतं. मान वळेना. त्या तीन फुटांत कुणी नाही, असू शकत नाही, हे तो मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. कोपऱ्यात बायकोची पेन्सिल कागदावर खरखरत होती.

मग दाब सुटला. सोफ्याची पाठ सावकाश मूळ जागी आली.

त्याला हायसं वाटलं, पण ते क्षणभरच. पडद्यावर बिट्टीच्या मागे, पॅसेजच्या टोकाला, तिच्या खोलीचं बंद दार उघडत होतं.

तो धडपडत उठला. टीव्हीच्या मागे हात घालून त्याने केबल उपसून काढली. पडदा काळा झाला.

"अरे, काय झालं?" बायको उभी राहिली.

"कुठली लावली होतीस?"

"तीन नंबरची. ती बारीक, काळी. एवढा पांढराफटक का पडलायस?"

तीन नंबरच्या केबलीत तांब्याची तार नव्हती. काचेचा तंतू होता. त्यातून प्रकाश जातो, आणि तो एकाच दिशेने जातो. म्हणून एका टोकावर प्लेअरचं इवलंसं चित्र असतं आणि दुसऱ्यावर पडद्याचं. मोजपट्टीने हातातलं टोक पाहिलं. ते टीव्हीतून निघालं होतं, आणि त्यावर चित्र प्लेअरचं होतं.

"ही उलटी लावलीस."

"वायरीला उलटसुलट असतं होय? मग सांगायचं नाही का?"

कसं सांगणार? चाचणी संपेपर्यंत केबलीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, हा नियम त्याचाच होता. "उलटी लावली तर चित्र येतच नाही," तो म्हणाला. "काहीच येत नाही. इकडून तिकडे..." आणि पुढचं वाक्य त्याला बोलवेना.

त्याने हत्यारांची पेटी ओढली, पक्कड काढली आणि केबलीचे दोन तुकडे केले. मग चार. आत काच होती, ती कुरकुर वाजत तुटली. बायको बघत राहिली. चहाचे जुने डबेही न फेकणारा माणूस, त्याला काही नवीकोरी वस्तू तोडताना तिने आजवर पाहिलं नव्हतं. पण त्याला वाटत होतं, आता संपलं. वाटच तोडली. आता पोरीपर्यंत काही पोचणार नाही.

तेवढ्यात बेल वाजली. बिट्टी आली होती, ओल्या केसांची, खांद्यावर टॉवेल.

त्याने तिला जवळ घेतलं, जरा जास्तच घट्ट. "बिट्टे, तुला आठवतं? लहानपणी तुला टीव्हीत वहीवाला दिसला होता?"

"हो." तिने फरशीवरचे केबलीचे तुकडे पाहिले, मग निळी वही पाहिली. "आज होतं का ते?"

"तो मीच होतो गं. तुला भीती घालायची नव्हती मला."

"मला माहितीये बाबा. मला मोठी झाल्यावर कळलंच. हीच वही, हाच शर्ट." ती समजूत घातल्यासारखं म्हणाली. "मी तुला नव्हते घाबरले. तुझ्या मागे तो होता ना, त्याला घाबरले."

बायकोने खुर्चीची पाठ धरली.

"कोण तो?" मोजपट्टीने विचारलं.

"ते नाही माहीत. तो टीव्हीतून इकडे आला. मग राहिलाच." तिने पॅसेजकडे मान वळवली. "सुरुवातीला फार त्रास द्यायचा. एकदा कडीसुद्धा लावली. आता नुसता उभा राहतो. वाट बघतो. मला वाटायचं, ज्या दिवशी तू टीव्हीसमोर तसा बसशील, त्या दिवशी आल्या वाटेने जाईल."

"सांगितलं का नाहीस आम्हाला?" बायकोचा आवाज फुटला.

"सांगितलं होतं. तुम्ही हसलात."

ती वाकली आणि केबलीचा एक तुकडा तिने उचलला. त्याच्या टोकातली फुटकी काच बोटाने चाचपून पाहिली. मग तो मोजपट्टीच्या तळहातावर ठेवला.

"मग आता तो परत कसा जाणार, बाबा?"

त्याने तुकडा मुठीत धरला. मग टॉवेल सावरत ती, रोजच्यासारखी, कपडे बदलायला पॅसेजमधून आपल्या खोलीकडे गेली. "थांब," तो म्हणाला. म्हणजे त्याला वाटलं, आपण म्हणालो.

दार तिच्या मागे मिटलं.

दोघं उभे राहिले, दार उघडायची वाट पाहत. घटकाभरात ते उघडायचंच. नवीन दार बसवल्यापासून एकदाही चुकलं नव्हतं.

आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

मोजपट्टीने खाली पाहिलं. कडी त्याच्या पायाशी, उघड्या पेटीत, स्क्रूंच्या डबीशेजारी पडलेली होती.