मागचा होकार

दुर्वाला दोन वर्षं आठ महिने झाले होते आणि ती बोलत नव्हती. कान दोनदा तपासून झाले, दोन्ही वेळा उत्तम निघाले. शिरूरच्या फ्लॅटमध्ये प्रगतीनं फ्रिजवर एक तक्ता चिकटवला होता. तारीख, वेळ, आवाज. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेतली सवय ती, पाहिलं की लिहायचं. तिसऱ्या रकान्यात ‘म्म’ आणि ‘ऊं’ यापलीकडं काही चढत नव्हतं. पुण्याच्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या होत्या, “ती जो आवाज काढेल त्याला तुम्ही उत्तर द्या. उत्तर मिळालं की मूल पुढं जातं.” तेव्हापासून प्रगती पोरीच्या तोंडाकडं डोळे लावून असायची. तिला मोठं काही नको होतं. एकदा ‘आई’ म्हटलं असतं तरी पुरे होतं.

दिवाळी झाल्यावर एका शनिवारी प्रगती, तिचा नवरा विश्वजीत आणि दुर्वा अशी तिघं तिच्या माहेरी निघाली. न्हावरा मागं पडलं, पारगावचा पूल आला, चौफुल्याला विश्वजीतनं चहा घेतला. पाटस जवळ आलं तसा काचा लावल्या तरी मळीचा वास आत शिरला. कारखाना सुरू झाला होता.

माहेरचं घर म्हणजे उसाच्या मधोमध दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी. प्रगती सहा वर्षांची होईपर्यंत इथं उघडा माळ होता आणि घर असं नव्हतंच. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर चढायचं. वर खाट, खाटेवर भांडी, भांड्यांत कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर प्रगती, मांडीत दोन दिवसांचं कोकरू घेऊन. पुढं आबा चालायचे, म्हणजे तिचे आजोबा गेणबा. मध्ये मेंढरं आणि सगळ्यांत मागं तिचे वडील, ज्योतिबातात्या. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायचे. रात्री जाळीच्या वाघरीत सगळा कळप एका अंगानं श्वास घ्यायचा, आणि घोंगडीत झोपलेल्या पोरीला तो श्वास आपलाच वाटायचा. शिरूरच्या सोसायटीत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लपवलं नव्हतं, पण कुणी विचारलंही नव्हतं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास ती पडवीत शेंगा निवडत होती. आई, रतनबाई, चुलीपुढं भाकरी थापत होती. तात्या गाईपुढं उसाचं वाढं टाकत होते. दुर्वा बांधावर उभी होती, पाठमोरी, उसाकडं तोंड करून.

तिनं टाळूला जीभ लावून दोनदा टक् टक् केलं. मग जिभेच्या शेंड्यावर एक लांब थरथर आली आणि शेवटी एकदम तुटलेला “हियो”.

रतनबाईचा हात भाकरीवर तसाच राहिला.

दुर्वा थांबली. कान देऊन उभी राहिली. आणि परत तेच, अगदी तस्संच.

तात्या वाढं टाकून आले. त्यांचा आवाज दबका होता. “ही आपली मेंढरांची हाक हिला कुणी शिकवली?”

“तुम्हीच दिली असेल कवातरी. फोनवर,” प्रगती म्हणाली.

“मी?” तात्या खाली बसले. “बावीस वर्षं झाली पोरी. मी न्हाई, तुझी आई न्हाई. आबांनी तर मरस्तोवर तोंडातनं काढली न्हाई.”

आबा जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हणजे दुर्वाच्या जन्माआधी. प्रगतीनं मनातल्या मनात तक्ता मांडला. फोनमधले व्हिडिओ, टीव्ही, शेजारपाजार. त्या हाकेचं रेकॉर्डिंग कुठंच नव्हतं. दुसऱ्या मेंढपाळाकडून ऐकली म्हणावं तर तेही जमत नव्हतं, कारण प्रत्येक घरची हाक वेगळी. कोकरू उभं राहायच्या आधी ती त्याच्या कानात जाते, आणि दुसऱ्या घरच्या हाकेला मेंढरू मानसुद्धा वळवत नाही.

“ही थांबून काय ऐकतीय?” विश्वजीतनं विचारलं. तो निमोण्याचा, शेतकऱ्याचा पोरगा. मेंढरं त्यानं रस्ता अडवतानाच पाहिलेली.

“होकार,” रतनबाई म्हणाली. “पुढच्यानं हाक द्यायची आन् मागच्यानं होकार. आली म्हणायचं. म्हंजी समदी आली, मागं कुणी ऱ्हायलं न्हाई. तवा पुढचा पाऊल उचलतो.”

“मग द्या की कुणीतरी. बाईंनी सांगितलंय, उत्तर द्या म्हणून.”

कुणीच दिला नाही.

रात्रीची जेवणं झाल्यावर तात्यांनी सांगितलं, सांगायचं नव्हतं तरी. पाण्याची लाईन आली, माळ मोडला, चराई संपली. पोरगी शाळेला घालायची तर एका जागी बसायला हवं होतं. मेंढरं विकली. ट्रक आला, पण एकही मेंढरू फळीवर पाय ठेवीना. हमालांनी मारलं, ओढलं, तरी नाही. शेवटी आबा स्वतः ट्रकमध्ये चढले, पार आत केबिनला टेकून उभे राहिले आणि घरची हाक दिली.

“एका मागं एक चढली. एकानं मागं बघितलं न्हाई.” तात्या हाताच्या रेषा बघत होते. “आबा मेंढरांना आत सोडून वरनं, बाजूच्या फाळक्यावरनं उतरलं. मी मागं उभा. होकार माझा. बा माझ्या तोंडाकडं बघतोय. अन् मला व्हईना. समदी आली, कशी म्हणू? मी कडी लावली.”

“मग?”

“मग काय. तू शिकलीस.”

रविवारी दुपारी चारला ते निघाले. सामान म्हणजे शेंगांची एक पिशवी, ज्वारीचं पीठ आणि चार टिपरी ऊस. दुर्वाला मागच्या सीटवर बसवून पट्टा लावला. दोन्ही बाजूंची दारं आणि डिकी उघडी होती. विश्वजीत पाणी भरून घ्यायला गेला होता. तेवढ्यात गाडीच्या आतून, सीटला टेकून, दुर्वानं हाक दिली.

वारा नव्हता. पडवीसमोरच्या उसाची एकच सरी हलली, शेंड्यापासून नव्हे, बुडापासून. गाय दाव्याला ताण देऊन बाजूला सरकली.

प्रगती आत बसली होती. आपण कधी चढलो ते तिला आठवेना. पायात घालायच्या चपला अजून हातातच होत्या.

तात्या गाडीजवळ आले. पाटाच्या पाझरानं तिथली माती ओली होती. त्यांनी खाली पाहिलं आणि तिथल्या बारक्या खुरांच्या खुणा पायानं सारख्या केल्या. एकेक दार सावकाश लावलं. डिकी लावताना हात काचेवर ठेवून उभे राहिले.

“हळू चालवा म्हणावं,” ते म्हणाले. “वळणावर जपून.”

चौफुल्याच्या पुढं विश्वजीत कुरकुरायला लागला. “सासरेबुवांनी दगडं भरली का काय? पिकअपच घेईना.” न्हावऱ्याच्या गतिरोधकावर गाडीचा तळ खर्रकन घासला. त्यानं उतरून चारही टायर दाबून पाहिले. हवा बरोबर होती. “आपण तिघंच ना?” तो हसत म्हणाला आणि परत बसला.

प्रगती मागं होती. काचा आतून धुरकटल्या होत्या. वास येत होता, ओल्या घोंगडीचा, कोवळ्या दुधाचा. त्या वासानं तिला भीती वाटायला हवी होती. तिला घोडा आठवत होता, खाट आठवत होती, मांडीतल्या कोकराचं धडधडणारं पोट आठवत होतं. डोळे भरून आले ते कशानं, हे तिला कळेना.

दुर्वानं वाटेत तीनदा हाक दिली. दर वेळी मान वळवून आईकडं पाहिलं, थांबली, आणि दर वेळी चेहरा थोडा विझला. उत्तर दे, बाई म्हणाल्या होत्या. उत्तर मिळालं की मूल पुढं जातं. कुठं पुढं जातं, ते बाईंनी सांगितलं नव्हतं. प्रगतीनं ओठ मिटून ठेवले.

शिरूरला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. पार्किंगमध्ये प्रगतीनं दार उघडलं, दुर्वाला कडेवर घेतलं आणि का कोण जाणे, दार लगेच लावलं नाही. धरून उभी राहिली. गाडीचं मागचं अंग हळूहळू वर आलं. थोडं, मग थोडं.

लिफ्ट सहा माणसांची. तिघं आत गेली आणि आतला बझर वाजायला लागला. वजन जास्त झाल्याचा लाल दिवा लागला.

“बिघडली वाटतं,” विश्वजीत म्हणाला. “मी पिशव्या घेऊन जिन्यानं येतो.”

तो उतरला. बझर वाजतच राहिला.

पत्र्याची पेटी, एकाच बाजूनं दार. प्रगतीनं पोरीला खाली ठेवलं. दुर्वा मागच्या पत्र्याला टेकली आणि तिनं हाक दिली. टक् टक्, थरथर, हियो. मग आईकडं पाहिलं.

या वेळी हाक देणारी आतच होती. आबांसारखी वरून उतरून जाणार नव्हती.

प्रगती दाराशी होती. सगळ्यांच्या मागं. तात्यांच्या जागी.

“आलीऽऽ,” ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता, घरचा होता. “समदी आलीऽऽ.”

बझर थांबला. दार मिटलं.

दुर्वा हसली. तिची नजर आईच्या गुडघ्याच्या उंचीवर फिरत होती, इकडून तिकडं, एकेकावर थांबत.

“आई,” ती म्हणाली. स्वच्छ, जणू रोज म्हणते. “आई, सरक जरा.”

प्रगती कोपऱ्यात सरकली. पोटरीला काहीतरी टेकलं, दाट आणि कोमट, आणि लिफ्ट वर चढेपर्यंत ते श्वास घेत राहिलं.