ललितचा बोर्ड

हे खरं घडलेलं आहे. नावंसुद्धा खरी लिहितोय आणि ज्यांची आहेत त्यांना विचारून लिहितोय. फक्त एकाला विचारता आलं नाही.

ज्यांना कमेंटमध्ये हसायचंय त्यांनी खुशाल हसावं. यंदा होळीपर्यंत मीही हसलो असतो.

आधीच सांगतो, यात अमावस्या नाही आणि मध्यरात्रही नाही. सोळा मे, दुपारी एक वाजता, बार्शीटाकळी. अकोला जिल्ह्यातला मे ज्यांनी काढलाय त्यांना ठाऊक आहे, बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

मी गजेंद्र. अकोल्यात माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. ललित माझा मित्र, अमरावतीला पॉलिटेक्निकला आम्ही एका बाकावर होतो. तो पुढे अकोल्यात नोकरीला लागला आणि बार्शीटाकळीहून रोज गाडीने ये-जा करायचा. संध्याकाळी माझ्या दुकानात तासभर बसून माझं डोकं खायचा. त्याच्या घरी मात्र मी कधीच गेलो नव्हतो.

त्याला एक वेड होतं. जुन्या काळच्या कॉम्प्युटरसारखे छोटे बोर्ड हल्ली नव्याने मिळतात. तळहाताएवढी हिरवी पट्टी असते. टीव्हीला जोडायची, कीबोर्ड लावायचा, की काळ्या पडद्यावर एक चौकोन लुकलुकायला लागतो. ना इंटरनेट, ना माऊस. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत प्रोग्राम टाइप करायचा आणि चालवायचा. कार्ड लावून साठवता येतं, पण ललितने कार्ड कधी लावलं नाही. बंद केलं की सगळं पुसलं जायचं.

"काय कामाचं बे हे?" मी म्हणायचो.

"रोज कोरी पाटी भेटते," तो हसायचा. "तुले नाई समजनार."

फेब्रुवारीत ललित गेला. घरी जाताना एका ट्रकने उडवलं.

मी त्याच्या घरी पहिल्यांदा गेलो तो असा. दोन खोल्या, वर टिनाचे पत्रे. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली स्टुलावर ललितचा फोटो. वडील आधीच वारलेले. आई इंदूबाई, अंगणवाडीत मदतनीस होत्या. मी त्यांना मावशी म्हणतो. बहीण नीलम अमरावतीला दिलेली, ती आलेली होती.

"तिनं दोन दिवसांपासून घास नाई घेतला, दादा," नीलम म्हणाली.

मावशी टीव्हीसमोर बसल्या होत्या. बोर्ड टीव्हीला जोडलेला तसाच होता.

"हे चालू होते का रे, बाबू?" त्यांनी विचारलं.

ललितचा कीबोर्ड अपघाताच्या दिवशी त्याच्या बॅगेत होता, त्याचा चुरा झाला. माझ्याकडे दुकानातला एक होता. तो लावला, बोर्ड चालू केला, आणि तिथेच मी शेण खाल्लं.

तीन ओळींचा प्रोग्राम लिहिला. एक वाक्य छाप. चोवीस तास थांब. पुन्हा पहिल्या ओळीवर जा.

वाक्य मराठीच होतं, इंग्रजी अक्षरांत, "आई, जेवली का?"

मावशींना इंग्रजी अक्षरं येत नाहीत. मी वाचून दाखवलं आणि म्हणालो, "हे ललितनं लिहून ठेवलं होतं, मावशी. तुमच्यासाठी."

साफ खोटं.

मावशी बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग उठल्या आणि पानावर बसल्या. नीलमला रडू आवरेना. मला वाटलं, आपण केवढं पुण्य केलं!

दुपारी एकला सुरू केला म्हणून ते वाक्य रोज एकला उमटायचं. वीज गेली तर पुसलं जाईल, म्हणून मी वायफायला लावतात तो छोटा यूपीएस बसवला. कीबोर्ड काढून दुकानात परत नेला. मावशी रोज एक वाजता व्हिडिओ कॉल करून फोन टीव्हीसमोर धरायच्या. मी अकोल्याहून वाचायचो. "आई, जेवली का?" त्या म्हणायच्या, "बसतो आता." आणि फोन ठेवायच्या.

महिनाभर असंच चाललं.

मार्चच्या शेवटी एका दुपारी पडद्यावर होतं...

"माय, जेवली का?"

मी 'आई' लिहिलं होतं. तरी समोर दिसलं तसं वाचून टाकलं.

"पुन्यांदा वाच," मावशी म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. फोन कट झाला.

उन्हाने बोर्ड बिघडला असेल, मी स्वतःला समजावलं. पण दहा वर्षं मी हेच धंदे करतोय. मेमरी बिघडली की अक्षरांची खिचडी होते. एक शब्द जाऊन त्या जागी नीट दुसरा शब्द येत नाही.

आणि टाइप करायला कीबोर्ड कुठे होता? तो माझ्या दुकानात खिळ्याला लटकलेला.

एप्रिलमध्ये खाली दुसरी ओळ आली.

"दार लाव."

ती मी वाचली नाही. पहिलीच तेवढी वाचली. तेवढ्यात फोनमधून आवाज आला...

खट्ट.

"मावशी, दार कावून लावलं?"

"तो म्हने न आत्ता."

"मी तर तसं वाचलं नाही."

"तू वाचाच्या आंधीच आयकू येते मले."



त्यानंतर मावशींनी घराबाहेर पडणं सोडलं. शेजारीण खिडकीतून भाजी, दूध द्यायची. मेच्या सुरुवातीला नीलम त्यांना न्यायला आली आणि तशीच परत गेली. मला फोन करून ओरडली, "दीड तास दार वाजवलं मी! ती आतून बोलून राहिली, पन कडी नाई काढली. निस्ती हाडं राहिली तिची. तुमी काय लावून ठेवलं तिथं? काढा ते!"

तिचं काय चुकलं? मीच लावलं होतं.

सोळा तारखेला कीबोर्ड पिशवीत टाकला आणि निघालो. साडेबाराला दार वाजवलं. मला वाटलं उघडणार नाही. पण लगेच उघडलं.

"ये. तू चालते त्याले," मावशी म्हणाल्या. मी आत आलो आणि त्यांनी कडी लावली.

आत अंधार होता. खिडकीला पोतं. पंखा बंद, कूलर बंद. पत्र्याखाली नुसती भट्टी. टीव्ही तेवढा चालू. मावशी सुकून अर्ध्या झाल्या होत्या.

मी मनाशी ठरवूनच आलो होतो. "मावशी, माफ करा. ते वाक्य ललितनं नाही..."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. कानाशी येऊन पुटपुटल्या, "हळू. तो आयकन."

मग तशाच हळू म्हणाल्या, "पयल्या दिवशीचं तुयं होतं. मले तवाच समजलं. ललित मले कदी आई नाई म्हने, माय म्हने. तुयी माया पाहून जेवली मी. पन मंगचं... ते त्याचंच हाय."

त्यांनी माझा हात धरला.

"मले नीलमकडं जाच हाय रे, गजू. चार डाव पिशवी भरली. पन कडीले हात लावला का हात हालतच नाई. मले ने इथून."

मी कीबोर्ड लावला. प्रोग्राम थांबवला. काय लिहिलंय ते पाहिलं. तीनच ओळी. माझ्याच. 'माय' कुठे नव्हतं आणि दाराचं तर नावही नव्हतं.

प्रोग्राम थांबलेला होता. थांबलेला प्रोग्राम काही छापू शकत नाही, हे शाळेतलं पोरगंही सांगेल.

एक वाजला...

"माय, दार लाव."

मावशी उठल्या. नजर माझ्याकडे आणि पाय दाराकडे. कडी लागलेलीच होती, तरी त्या ती दाबत राहिल्या. पडद्यावर आणखी एक ओळ आली...

"गजू, तू पन थांब."

मी उडी मारून दार गाठलं. साधी लोखंडी कडी, रोजच्या वापराची. मी दोन्ही हातांनी ओढली. हलली नाही. दारावर लाथा घातल्या, ओरडलो. बाहेर कोण ऐकणार? घराघरांत कूलर घरघरत होते. घामाने हात निसटत होते आणि मागे पडदा भरत चालला होता. थांब. थांब. थांब.

मी बोर्डची वायर उपटली. पडदा काळा झाला. टीव्हीवर सिग्नल नसल्याची पाटी आली.

कडी तरीही हलली नाही.

तेव्हा मी खरा घाबरलो. लाज वाटते सांगायला, पण मी रडलो.

मावशी वळल्या. बंद पडद्यासमोर खाली बसल्या आणि पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या, "ललित, माय थकली रे बापा. तुया मित्राले लेकरं हायेत. जाऊ दे आमाले."

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या हाताखाली कडी आपोआप सैल झाली.

आम्ही बाहेर पडलो. मी दार ओढून बाहेरून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि...

खट्ट.

आतून.

मावशींनीही ऐकलं. त्या पायरीवर मटकन बसल्या. "माया लेकराले एकटं कोंडून निंगाली मी," एवढंच म्हणाल्या. मी त्यांना जवळजवळ उचलून ऑटोत बसवलं. अकोल्याहून बस धरून त्यांना अमरावतीला नीलमकडे पोचवलं.

आज दोन महिने झाले. मावशी नीलमकडे आहेत. औषध चालू आहे, अंग धरलंय, नातवाला शाळेत सोडतात. बोर्ड तिथेच, किल्ली माझ्याकडे. घराची वीज मी तोडून घेतली. शेजारीण म्हणते, आत काही आवाज नाही. मी तिला जास्त विचारत नाही.

नीलमला ते घर भाड्याने द्यायचंय. कडी आतून लागलेली, म्हणजे पत्रा काढून उतरावं लागेल. तिने येत्या रविवारी सुतार सांगितलाय आणि मला यायलाच लावलंय.

काल मावशींचा फोन आला. नीलम घरात नाही हे बघून केला असावा.

"गजू, रविवारी मी बी येतो."

"तुमचं काय काम तिथं, मावशी?"

"तुमी सामान काहाडून घ्या," त्या म्हणाल्या. "मी राईन आत, त्याच्यासंग. तुमी बाहेरून कुलूप लावून घेजा."

मी अजून उत्तर दिलेलं नाही. नीलमलाही सांगितलेलं नाही. आज शुक्रवार आहे.