एका हाराची सावली

आभाळात औषधालाही ढग नव्हता. आठवडाभर रणरणतं ऊन होतं आणि तरी उन्हावर चालणारा दिवा मेलेला! शाल्मली पुन्हा पुन्हा खालच्या रस्त्याकडे बघत होती, कारण याच घाटातून तिची आई शाळेची बस घेऊन वर येत होती. आणि घाटात फोन लागत नव्हता.

हे वळण आंधळं होतं. डोंगराची सोंड आडवी आल्याने पलीकडचं काही दिसायचं नाही. पूर्वी निदान इंजिनाची घरघर ऐकू यायची. आता सगळ्या गाड्या विजेच्या, मांजराच्या पावलांनी येणाऱ्या. म्हणून वसुधाआत्याने इथे संवेदक (गाडी आल्याचं ओळखणारं यंत्र) बसवले होते. कुठूनही गाडी आली की कठड्यावरचा पिवळा दिवा दोन्ही बाजूंना लुकलुकायचा.

"आत्या, वरून टँकर निघालाय!" शाल्मली ओरडली.

दुधाचा तो टँकर विनाचालक होता. पण त्याच्या कॅमेऱ्यालाही डोंगराच्या आरपार दिसत नव्हतं. तो दिव्याकडेच बघायचा, आणि दिवा विझलेला असला की रस्ता मोकळा समजायचा.

"बॅटरी रिकामी!" दिव्याची पेटी उघडून आत्या पुटपुटली. "पॅनेल तर उन्हात आहे. मग वीज गेली कुठे?"

पॅनेलच्या एका कडेवर प्लॅस्टिकच्या झेंडूचा हार तारेने बांधलेला शाल्मलीला दिसला. "या हारामुळे? पण सावली तर एवढीशीच आहे."

आत्याने कपाळाला हात लावला आणि ती तार सोडवू लागली. "तिथेच तर गोम आहे! हे चौकोन म्हणजे सौरघट (उन्हापासून वीज बनवणारे तुकडे). ते एकामागे एक जोडलेत. विहिरीवरून हातोहात बादल्या देणारी रांग आठव. मधलाच एक जण हात बांधून बसला तर?"

"पाणी पुढे जाणारच नाही!"

"तसंच हे. एका घटावर सावली पडली की अख्ख्या रांगेची वीज अडते."

"पण आता बॅटरी कधी भरणार? आई येईल गं!"

"बॅटरी राहू दे. अजून ऊन आहे, वीज थेट दिव्याला देऊ."

हाराची तार तुटली आणि हार निघाला. आत्याने बटण फिरवलं. काहीच झालं नाही. शाल्मलीला रडू फुटलं. तेवढ्यात दिवा मिणमिणला, आणि मग लखलखू लागला. टँकर वळणाअलीकडेच थांबला. खालून बस हळूहळू वर आली.

आई उतरली. समोरचा टँकर बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिला आत्याच्या हातातला हार दिसला.

"वन्सं, तो मीच बांधलाय. पावसाळ्यात या दिव्यानं बस वाचवली होती माझी. देवच मानते मी याला. आणि मीच त्याचा घास अडवला?" तिचे डोळे भरून आले.

"वहिनी, त्याला फक्त ऊन लागतं," आत्या हळूच म्हणाली.

शाल्मली मात्र विचारात पडली होती. "आत्या, दिवा विझला की टँकरने थांबायला नको का? विझलेला दिवा म्हणजे रस्ता मोकळा, असं का समजायचं?"

आत्याने हार खाली ठेवला. "हे मला सुचायला हवं होतं. पुढचा दिवा आपण दोघी मिळून करायचा."

आईने ओढणीचं टोक बाटलीतल्या पाण्याने भिजवलं आणि ती पॅनेलवरची धूळ पुसू लागली. बसमधून एक पोरगा ओरडला, "काकू, भूक लागली, चला ना!"

"थांब रे," आई म्हणाली, "आधी याचं उद्याचं ताट पुसून ठेवते."